काय होत न्हाय, टाक!

तुमच्या घरी आलेल्या पार्सलवर दोन रंगांच्या चिकटपट्ट्या दिसल्या, खाली विक्रेत्याची पारदर्शक आणि वरून खाकी, तर समजायचं की ते खोकं वाटेत माझ्याकडे येऊन गेलंय. पुण्याच्या कडेला एका पार्सल कंपनीच्या हबवर मी ‘डॅमेज टेबल’ सांभाळतो. कंपनीचं नाव सांगत नाही. एक तर नोकरी टिकवायची आहे, आणि दुसरं म्हणजे तुम्ही मनात कुठल्याही कंपनीचं नाव धरलंत तरी पुढचा मजकूर बदलावा लागणार नाही.

डॅमेज टेबल म्हणजे एक लोखंडी टेबल, टेपची रिळं, मार्कर, वजनकाटा आणि फुटलेली खोकी. खोकं हलवून आत काय वाजतंय ते ऐकायचं, पट्टी मारायची, ‘मिळाले तेव्हा असेच होते’ असा शेरा टाकायचा आणि पुढे ढकलायचं. ज्याच्याकडून ते आलं त्यानंही हाच शेरा टाकलेला असतो. त्याच्या आधीच्यानंही. कागदोपत्री पाहिलं तर आमच्याकडचं प्रत्येक खोकं कारखान्यातूनच फुटून बाहेर पडतं.

पहाटे चारला भिवंडीहून 32 फुटी कंटेनर येतो. भिवंडीला मुंबई-नाशिक महामार्गाच्या दोन्ही अंगांना गोदामंच गोदामं आहेत, आणि तुम्ही रात्री दहाला अंथरुणात पडल्या पडल्या मागवलेली कढई बऱ्याचदा तिथूनच निघते. तिथली मंडळी कंटेनर छतापर्यंत भरतात. शेवटचा थर दाराला टेकलेला. घाटाची वळणं आणि रस्त्याचे खड्डे खाऊन आतला सगळा डोलारा दारावर रेलून बसतो. त्यामुळे सील तोडणाऱ्यानं बाजूला उभं राहावं, आधी एकच फळी जराशी किलकिली करून अंदाज घ्यावा, हे आमच्याकडे काल लागलेल्या पोरालाही ठाऊक आहे. ठाऊक असणं आणि करणं ही आमच्या हबवर दोन वेगळी खाती आहेत. दार उघडणारा बरोब्बर मधोमध उभा राहतो, दोन्ही फळ्या एकदम ओढतो, आणि आतून पहिलं जे येतं ते कधी उशी असतं, कधी मिक्सर. उशी आली की सगळे हसतात. मिक्सर आला की तो उडी मारतो, मग सगळे हसतात. पायात स्लिपर.

सेफ्टी शूज कंपनीनं दिलेत हो. पुढे पोलादी टोपी असलेले, दणकट. त्यातला एक जोड सध्या बीडकडे आहे. आमच्या एका लोडरचे वडील तो घालून रात्री पिकाला पाणी द्यायला जातात. ‘‘सापाचं भ्या न्हाय राहिलं,’’ असं पोरगा सांगतो, आणि खरं सांगायचं तर त्या बुटांचा इतका योग्य उपयोग आमच्या हबवर कुणीच केलेला नाही. दुसरा एक जोड चुलतभावाच्या लग्नात वरातीत नाचला. फोटो मी पाहिलाय. तिसरा गडी मात्र रोज घालून येतो, पण टाच दुमडून, कारण चहाला मांडी घालून बसताना काढायला सोपं पडतं.

कंटेनर रिकामा करायला साधारण सहा जण असतात. त्यातला जो सगळ्यात आत उभा असतो त्याला सगळे मलिंगा म्हणतात. क्रिकेटची आवड असणाऱ्यांना कारण सांगायला नको. श्रीलंकेच्या त्या गोलंदाजासारखाच याचाही हात खांद्याच्या वर जात नाही, कमरेतून वळून आडवा फिरतो, आणि खोकं कंटेनरच्या अंधारातून उजेडात येतं ते थेट पट्ट्यावर. पट्टा म्हणजे रोलर कन्व्हेयर. दहातली आठ पट्ट्यावर पडतात. उरलेली दोन माझ्याकडे येतात. मी एकदा त्याला म्हटलं, ‘‘भावा, जरा हळू.’’ तो म्हणाला, ‘‘काय होत न्हाय. पॅकिंग असतंय की.’’

पॅकिंगवरची ही श्रद्धा मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. पन्हाळी पुठ्ठ्याचं तीन थरांचं खोकं असतं, त्यात हवेच्या दोन पिशव्या. खांद्याच्या उंचीवरून, म्हणजे दीड मीटरवरून, खोकं नुसतं हातातून सुटलं तरी जमिनीवर टेकताना त्याचा वेग ताशी 19-20 किलोमीटर असतो. हे शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकातलं गणित, मलिंगाच्या हाताचा जोर त्यात धरलेला नाही. तुमच्या घरातला काचेचा पेला सायकलवर बसवून भिंतीवर धडकवा, मग पॅकिंगबद्दल बोलू.

खोक्यावर चित्रं असतात, त्यांचंही सांगतो. वर तोंड करून दोन बाण म्हणजे ही बाजू वर ठेवा. छत्री म्हणजे ओलं करू नका. देठाचा ग्लास म्हणजे आतला माल नाजूक आहे. ही चिन्हं जगभर एकच असावीत म्हणून त्यांचं आंतरराष्ट्रीय मानकसुद्धा आहे, आयएसओ 780. भाषा न येणाऱ्या माणसालाही कळावं हा हेतू. आमच्या माणसांना ती बरोबर कळतात. बाण दिसले की कोणत्या दिशेला फेकायचं ते कळतं. छत्री दिसली की पावसात ते खोकं डोक्यावर धरून अंगण ओलांडता येतं. आणि ग्लास दिसला की एकदम शांतता पसरते. कारण आत दारू आहे अशी सार्वत्रिक समजूत आहे. ग्लासाचं चित्र असलेलं खोकं मलिंगा दोन्ही हातांनी उचलतो, पुढच्याच्या हातात देतो, पुढचा ते कानाशी हलकेच हलवतो. गैरसमजातून इतकी सुरक्षितता निर्माण होत असेल तर मी तो का दूर करू? माझ्या मते सगळ्याच पार्सलांवर ते चित्र छापावं.

वर्गीकरणाला सहा वाजता सुरुवात होते. पत्त्यावरचे सहा आकडे पाहायचे आणि पार्सल त्या त्या रूटच्या पिंजऱ्यात टाकायचं. हा पिनकोड 15 ऑगस्ट 1972 ला सुरू झाला आणि तो ज्यांच्या डोक्यातून निघाला ते श्रीराम भिकाजी वेलणकर, आपला कोकणचा माणूस, टपाल खात्यातला अधिकारी आणि संस्कृतचा कवी-नाटककार. पहिला आकडा देशातला विभाग, पहिले तीन मिळून वर्गीकरणाचा जिल्हा, शेवटचे तीन टपाल कार्यालय. गावांची नावं सारखी, लिप्या अनेक, अक्षर देवालाही न लागणारं. अशा देशात पत्र मुक्कामी पोचावं म्हणून केलेली ती सुंदर मांडणी. आमच्याकडे तिचा उपयोग अंतर मोजायला होतो. 411030 म्हणजे सदाशिव पेठ, पिंजरा शेजारीच, त्यामुळे तिथला माल सरकवला जातो. 411038 कोथरूड, पाच पावलं लांब, तिथे भिरकावला जातो. 411046 कात्रज पार टोकाला. तेव्हा कात्रजच्या रहिवाशांनो, तुमच्या चष्म्याची दांडी दर वेळी का तुटते ते आता लक्षात आलं असेल.

आणि पिंजऱ्यात तळाला काय? जे आधी आलं ते. जड खाली, हलकं वर हा नियम भाजी आणायला गेलेल्या माणसाला सांगावा लागत नाही. टोमॅटोवर बटाटे कुणी ओतत नाही. पण पिंजऱ्यापुढे तोच माणूस सगळं विसरतो. तळाला लाह्यांचं पाकीट, त्यावर कुणाचा तरी फोटो फ्रेम करून, त्यावर डंबेलची जोडी. डंबेल हा माझा व्यक्तिगत शत्रू आहे. दहा किलो लोखंड विक्रेता चपलेच्या खोक्यात घालून पाठवतो, खोक्याला कोपऱ्यातून भोक पडतं आणि उतारावरच्या रोलरवरून ते एकटंच खाली निघतं. रोलरच्या टोकाला बसून मोबाईल बघणाऱ्या माणसाला ‘‘बाजूला हो!’’ असं ओरडून सांगावं लागतं. तो मान वर न करता पाय उचलतो. डंबेल खालून जातं. तो पाय परत खाली ठेवतो. इतकी सवय बरी नव्हे.

एकदा घरघंटी आली. घरघंटी म्हणजे चांगला दणदणीत ऐवज, दोन माणसांनी हँडपॅलेटवरून न्यायचा. पण हँडपॅलेट त्या वेळी कामात होता. त्याच्यावर उभा राहून एक जण शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत स्कूटरसारखा पाय मारत फेऱ्या घालत होता. मग घरघंटी एकानं पाठीवर घेतली. कशी, तर वाकून, ओणवं होऊन, दोघांनी वर ठेवली. उचलताना गुडघे वाकवायचे आणि पाठ ताठ ठेवायची, हे भिंतीवर रंगीत चित्रासह लावलेलं आहे. ज्या पुण्यात बाबा आढावांनी हमालांची पंचायत उभी केली, पाठीवरच्या ओझ्याचा प्रश्न चव्हाट्यावर आणला, ज्या महाराष्ट्रानं 1969 मध्ये माथाडी कायदा केला, तिथे हा पोरगा केवळ पैज म्हणून घरघंटी पाठीवर घेऊन त्या चित्राखालून गेला. पैज वडापावची होती. पुढचे काही दिवस तो चालताना चित्रातल्या चुकीच्या माणसासारखा दिसत होता. विचारलं तर म्हणायचा, ‘‘काय न्हाय, झोपेत लचक भरली.’’

कटरचा विषय थोडक्यात आटोपतो, कारण माझ्या डोळ्यांना त्रास होतो. मोठ्या पोत्यातून पार्सलं काढायला कटर लागतो. पातं वापरून झालं की आत घ्यायचं असतं. आमच्याकडे ते बाहेर ठेवून कटर मागच्या खिशात जातो आणि मग माणूस बसतो. दुसरं, पोतं कापताना पात्याची एक पेरभर लांबी पुरते. आमची पोरं पूर्ण पातं काढून उभा वार करतात. पोत्याबरोबर आतलं पार्सल आणि पार्सलाच्या आतली साडी. येवल्याहून निघालेली साडी होती, काठ शाबूत, मधोमध उभी चीर. मी पट्टी मारली. शेरा तुम्हाला माहीतच आहे.

आता बॅटरी. पॉवर बँक, खेळण्यातली गाडी, ड्रिल मशीन अशा वस्तूंच्या खोक्यावर पेटलेल्या बॅटरीचं चित्र असलेली लाल रेघांची चौकट असते. लिथियम बॅटरी दबली, तिला भोक पडलं तर आतल्या आत शॉर्ट होते, तापते, आणि एक तापली की तिच्या उष्णतेनं शेजारची. पाणी ओतून पटकन भागत नाही. विझली वाटते आणि परत पेटते. म्हणून ही खोकी वेगळी ठेवायची. आमच्याकडे ती खरोखर वेगळी ठेवलेली असतात, कारण ती मजबूत असतात आणि चहाला बसायला बरी पडतात. डिसेंबरातल्या एका पहाटे मी एकाला म्हटलं, ‘‘दादा, उठा. खाली बॅटऱ्या आहेत.’’ तो म्हणाला, ‘‘असू द्या की. थंडी लई हाय, ऊब येईल.’’ आणि काडी ओढून बिडी पेटवली. चारी बाजूंना पुठ्ठा.

आग लागलीच तर काय, याची व्यवस्था आहे. लाल सिलिंडर दोन आहेत. एक शटर वाऱ्यानं आपटू नये म्हणून त्याला टेकवून ठेवलाय. दुसरा परतीच्या पार्सलांच्या ढिगामागे आहे, तो शेवटचा कधी दिसला यावर मतभेद आहेत. बाहेर पडायचं आपत्कालीन दार त्याच ढिगामागे. त्या दारावर हिरवा दिवा रात्रंदिवस जळत असतो, ढिगाच्या वरून थोडा थोडा दिसतो. रात्री त्याच कोपऱ्यात विजेवरच्या स्कूटर चार्जिंगला लागतात, सगळ्या मिळून एका एक्स्टेन्शन बोर्डावर, आणि बोर्ड जमिनीवर पडून कुणाच्या पायात येऊ नये म्हणून काळजीनं पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवलेला असतो. काळजी घेत नाहीत असं म्हणू नका.

4 मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन येतो. 1966 साली त्या तारखेला राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली, त्या निमित्तानं देशभर कारखान्यांतून शपथा घेतात. आमच्याकडेही मोठ्या साहेबांच्या हस्ते कार्यक्रम होता. आदल्या संध्याकाळी ‘सुरक्षा प्रथम’ असा फलक शेडच्या तुळईला बांधायचा होता. शिडी होती, पण ती दुसऱ्या शेडमध्ये, आणि दुसरी शेड पन्नास पावलांवर. मग ऑफिसची चाकांची खुर्ची आणली. ती पुरेना. मग चार खोकी रचून त्यांवर चाकांची खुर्ची ठेवली. खुर्चीवर मलिंगा. खुर्ची धरायला दोन जण. त्यातल्या एकाला फोन आला म्हणून तो बोलायला बाहेर गेला. उरलेल्यानं एका हातानं खुर्ची धरली आणि दुसऱ्या हातानं व्हिडिओ काढला. फलक तिरका झाला म्हणून मलिंगाला परत चढवण्यात आलं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी हात पुढे करून शपथ घेतली. हेल्मेट, जॅकेट, बूट घालून एकत्र फोटो काढला, त्यासाठी बीडचा जोडसुद्धा एसटीनं मागवून घेतला होता. फोटो झाला आणि जॅकेटं घडी करून परत पिशवीत गेली, पुढच्या वर्षाकरता.

हे झालं शेडमधलं. शेडच्या बाहेर दुनिया मोठी आहे.

बेंगळुरू, कोल्हापूरकडून येणारा आमचा ट्रक कात्रजचा नवा बोगदा ओलांडून उतारावर लागतो. पुढे नवले पूल. त्या पुलाचं नाव वर्तमानपत्रात अपघातांसाठी येतं, हे पुणेकरांना सांगायची गरज नाही. आमचे एक ड्रायव्हर, वयानं वडील, सर्वज्ञ, सगळ्यांचे मामा. मामांचा सिद्धान्त असा की उतारावर गाडी न्यूट्रल करावी, डिझेल वाचतं. मी म्हटलं, ‘‘मामा, गिअरमध्ये असली की इंजिनच गाडी आवरून धरतं. न्यूट्रल केली की सगळा भार ब्रेकवर, ब्रेक तापले की धरत नाहीत.’’ मामा हसले. मी पुढे म्हटलं, ‘‘आणि आताच्या इंजिनांत गिअरमध्ये उतार उतरताना, पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की डिझेल तोडलंच जातं. न्यूट्रलला उलट इंजिन चालू ठेवायला थोडं जळत राहतं.’’ मामांनी तंबाखू मळायची थांबवली, माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं आणि विचारलं, ‘‘तू गाडी चालवतोस का?’’ मी म्हटलं, नाही. ‘‘मग चिकटपट्टी मार,’’ म्हणाले. या एकाच विषयावर मला हसायला येत नाही.

रायडर लोक नऊला निघतात. स्कूटरवर माल कसा भरतात ते एकदा पाहायला या. पाठीवर पिशवी, तिची उंची डोक्याच्या वर एक हात. मागच्या सीटवर पोतं. पुढे पाय ठेवायच्या जागेत दुसरं पोतं, त्यामुळे पाय दोन्ही बाजूंना बाहेर, आणि हँडल डावीकडे पूर्ण वळतं, उजवीकडे अर्धंच. ‘‘मग उजवीकडे कसा वळतोस?’’ ‘‘रूट तसा लावलाय, सगळं डावीकडूनच घेतो.’’ आणि जिथे उजवीकडे जाणं टळत नाही तिथे राँग साइडनं. आरसे काढून ठेवलेले असतात, कारण ट्रॅफिकमध्ये ते रिक्षाला घासतात. मागचं पाहायचं तर पाठीवरची पिशवी आडवी येते. म्हणजे मागे काय चाललंय याच्याशी या माणसाचा सकाळी नऊ ते रात्री आठ काडीचा संबंध उरत नाही.

हेल्मेट? सगळ्यांकडे आहे. कुणी ते कोपरात घालतं. कोपराची काळजी घेणारा असा दुसरा व्यवसाय नसेल. कुणी आरशाला अडकवलं असतं, पण आरसा नाही, म्हणून हँडलला. एकजण त्यात सुट्टे पैसे आणि भेळ ठेवतो. आणि जो खरोखर डोक्यात घालतो त्याच्याबद्दल आदर वाटून मी एकदा जवळ गेलो, तर कळलं की पठ्ठ्या हेल्मेट घालतो ते फोन धरायला. गाल आणि हेल्मेट यांच्या मधल्या फटीत फोन सरकवला की दोन्ही हात मोकळे. हनुवटीचा पट्टा लोंबकळत असतो, कारण पट्टा लावला की जबडा हलत नाही आणि कस्टमरशी बोलता येत नाही. पट्टा न लावलेलं हेल्मेट माणूस रस्त्यावर पडायच्या आधीच डोक्यावरून निघून जातं.

ताशी 40 च्या वेगानं सेकंदाला 11 मीटर अंतर जातं. ‘काकू लोकेशन पाठवा’ एवढं टाइप करून खालून वर बघेपर्यंत तीन सेकंद धरले तर तेहेतीस मीटर हा मुलगा डोळे मिटून गेला, लक्ष्मी रोडवर तेवढ्यात काय काय येतं ते तुम्हीच आठवा.

पण हा फोन त्याला सगळ्यात जास्त कोण करतं? आमचे टीएल. टीम लीडर काचेच्या केबिनमध्ये बसतात आणि स्क्रीनवर ठिपका हलायचा थांबला की फोन लावतात. ‘‘कुठंयस?’’ ‘‘चालवतोय सर.’’ ‘‘बारा वाजले, वीसच झाले तुझे?’’ ‘‘सर, पाऊस आहे.’’ ‘‘ते नको सांगू. आणि काय रे, गाडी चालवताना फोन का उचलतोस? समजत नाही?’’ हा संवाद मी माझ्या कानांनी ऐकलाय. फोन न उचलणाऱ्या मुलाला त्याच टीएलनी संध्याकाळी सगळ्यांसमोर झापलं होतं, तेही ऐकलंय.

पार्सल पोचवण्याच्या कलेतही बेफिकिरीला वाव भरपूर आहे. घरी कुणी नसलं की पार्सल ठेवायची आमच्या पोरांची आवडती जागा म्हणजे जिन्याखालचा विजेच्या मीटरचा कप्पा. ‘‘ताई, मीटरच्या बॉक्समध्ये ठेवलंय, तारांच्या मागं, कुणाला दिसणार न्हाय.’’ ताई संध्याकाळी मोबाईलचा उजेड पाडून तारांमागे हात घालतात. दुसरी पद्धत हवाई. गाडी चालूच, साइड स्टँडवर, किल्ली लावलेली, वर बघून हाक, ‘‘काका, झेला!’’ आणि दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत पार्सल. काका सत्तरीचे. ते कठड्यावरून ओणवे होतात. पेठेतल्या एका जुन्या वाड्यातल्या आजी मात्र यातल्या कशाला भीक घालत नाहीत. त्या दोरीला बांधलेली टोपली सोडतात, पार्सल त्यात ठेवायला लावतात, ओढून घेतात, बघतात, आणि मगच ओटीपी सांगतात. आमच्या पूर्ण साखळीतली सर्वांत सुरक्षित हाताळणी ती टोपली करते, पहिल्या मजल्यापर्यंत.

मी टेबलावर बसून पुष्कळ विचार केला की ही पोरं अशी का. वाईट नाहीत. कुणाच्या घरी अडचण आली तर खिशातलं काढून देतात. मुंबईच्या डबेवाल्यांकडे पाहा: 1890 च्या सुमारापासून धंदा, आमच्यासारखाच हातातून हातात जाणारा माल, झाकणावर रंगीत खुणा, स्टेशनांवरची गर्दी, डोक्यावर भरलेली लाकडी पाटी. तरी डबा कुणी मलिंगासारखा फेकत नाही. कारण आत आमटी आहे हे त्याला माहीत असतं, आणि मुख्य म्हणजे दुपारी तोच डबा उलट वाटेनं त्याच घरी जातो. आमटी सांडली तर दुसऱ्या दिवशी दारात वहिनी उभ्या असतात. आमच्याकडे दारात कुणीच उभं नसतं. मलिंगा फेकतो त्याचा आवाज कात्रजच्या माणसाला ऐकू येत नाही, आणि कात्रजचा माणूस ज्याला शिव्या घालतो त्या रायडरनं खोकं फोडलेलं नसतं. वर पार्सलमागे मोजून पैसे. सावकाश उतरवलेल्या मालाचा कुणी एक रुपया जास्त देत नाही, फुटलेल्याचा मलिंगाच्या पगारातून एक रुपया कापला जात नाही. मग हळू कशाला? शहाण्या माणसानंही हेच केलं असतं.

अपघात मात्र पत्ता बरोबर शोधतो. गेल्या पावसाळ्यात तो उजवीकडे न वळणारा मुलगा उजवीकडे वळायला गेला आणि पोत्यासकट पडला. मनगट मोडलं, बाकी वाचला. सगळे ससून रुग्णालयात भेटायला गेलो. प्लास्टर घातलेला हात उशीवर ठेवून त्यानं विचारलं, ‘‘माल ओला झाला का ओ?’’ आठवडाभर पोरं हेल्मेट डोक्यात घालून गेली, पट्टा लावून. मलिंगानं त्याच्या वाटचा रूट मारला, पैसे त्याच्या बायकोला नेऊन दिले. दुसऱ्या सोमवारी भेळ परत हेल्मेटात आली होती.

तेव्हा वाचकहो, एक विनंती. पार्सलवाल्याला फोन केलात आणि त्यानं उचलला नाही, तर तो गाडी चालवतोय असं धरून चाला आणि दहा मिनिटं परत करू नका. तक्रारही टाकू नका, ती थेट टीएलच्या स्क्रीनवर जाते आणि तो लगेच फोन लावतो. मीटरच्या कप्प्यात ठेवू का असं विचारलं तर नाही म्हणा, शेजारच्यांकडे द्यायला सांगा. काकांना झेलू देऊ नका. आणि लोणच्याची चिनी मातीची बरणी हवी असेल तर तुळशीबागेत जा, टिचकी मारून आवाज बघा, आणि मांडीवर धरून स्वतः घरी आणा. मी आमची तशीच आणली.